रात्रीमागची मोकळी जागा

दोघी सख्ख्या जावा, दोघी एकाच इस्पितळात. थोरली मेट्रन, धाकटी नर्स. ड्युट्या थोरली लावायची. कुणी किती रात्रपाळ्या केल्या ते वॉर्डावॉर्डातून येणाऱ्या नोंदींवरून संगणकावरच्या तक्त्यातलं सूत्र मोजायचं. ज्यांच्या कमी, त्यांना पुढच्या रात्री. घरच्या माणसावरून कुणी बोट दाखवायला नको, म्हणून तिनं तक्त्यापलीकडे कधी पाहिलंच नाही.

धाकटीला रात्री सुटेनात. दिवसा पडदे ओढून पडायची, पण डोळा लागायचा नाही. एकदा दूध उतू जात होतं आणि ही शेगडीसमोर उभ्या उभ्या पेंगत होती.

"ताई, या महिन्यात तरी दिवसपाळी द्या."

"अगं, सगळ्यांत कमी रात्री तुझ्याच दिसतात. मी काय करू?"

"मग माझ्या डोळ्यांत बघा ना जरा."

त्यानंतर तिनं मागणंच सोडलं.

एका दुपारी शेजारच्या वॉर्डातली सिस्टर थोरलीला सहज म्हणाली, "तुमची जाऊ आमच्याकडे येते ती रात्रीच!" थोरली चपापली. तिनं धाकटीची ओळ बोटानं मोजली. तक्त्यापेक्षा कितीतरी जास्त भरल्या. मग तिनं एकेक चौकट उघडून पाहिली. त्या वॉर्डातून आलेल्या नोंदींत 'रात्र' या शब्दामागे एक मोकळी जागा टाइप झाली होती. डोळ्यांना दिसत नव्हती, पण सूत्राच्या लेखी तो शब्दच वेगळा. त्या सगळ्या रात्री सूत्रानं धरल्याच नव्हत्या.

घरी धाकटी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. थोरलीनं उभ्यानंच सगळं सांगितलं.

"म्हणजे तुम्ही मुद्दाम नव्हता करत?"

"नाही गं."

"मी मात्र मनातल्या मनात तुम्हाला इतक्या शिव्या घातल्या..."

"तोंडावर घातल्या असत्यास, तर मी आधीच मोजलं असतं."

दोघींनाही हसू आलं नाही. धाकटीनं चादरीचं एक टोक पुढे केलं, थोरलीनं ते धरलं.

दिवसपाळीच्या पहिल्या सकाळी धाकटी उठेचना. रात्रभर टक्क जागी होती, पहाटे कुठे झोप लागली होती. थोरलीनं दार हलकेच लोटलं आणि तिच्या जागी स्वतः वॉर्डात गेली. मेट्रन गोळ्या वाटतेय हे पाहून पेशंट गोंधळले. अर्धा वॉर्ड झाला आणि तिची कंबर धरली. ती स्टुलावर टेकली आणि समोरच्या आजीच्या हाती पेला देत म्हणाली, "सावकाश गिळा. घाई नाही."