चाळिसावा वार

अकरा वर्षं सिनेमात घालवूनही ज्याचं तोंड पडद्यावर एकदासुद्धा दिसलं नाही, त्याला लोकांनी पाठमोरा म्हणावं यात लोकांचं काही चुकलं नाही. हिरोने छपरावरून उडी मारली की ती उडी याची असायची, हिरो घोड्यावरून पडला की बरगडी याची मोडायची, आणि टाळ्या तेवढ्या हिरोच्या खात्यात. त्याची बायको त्याच स्टुडिओत कपडेपटावर होती. तिला सगळे वहिनी म्हणत. शिवणं, धुणं, उसवलं की टाचणं, आणि गर्दीतल्या नटांनी टोप्या घरी नेऊ नयेत म्हणून कापड मोजायचा लाकडी गज हातात घेऊन दारात उभं राहणं, ही तिची कामं. त्या गजाचा धाक दिग्दर्शकापेक्षा जास्त होता म्हणतात.

घरी म्हातारी सासू. मोतीबिंदूने अर्धी नजर गेलेली, पण मुलाचा प्रत्येक सिनेमा ती अगदी पुढच्या रांगेत बसून बघायची.

"यात तू कुठे आहेस रे?"

"तो जिना उतरतोय ना आई, तो मी."

"पाठ ओळखली मी. लहानपणी मीच घासायचे ना ती! पण मेले तोंड कधी दाखवणार तुझं? मी डोळे मिटल्यावर?"

यंदा दाखवणार होते. समुद्री चाच्यांचा मोठा सिनेमा निघाला होता आणि त्यात पाठमोऱ्याला स्वतःची भूमिका मिळाली होती: चाच्यांच्या कप्तानाचा उजवा हात. सिनेमाभर तोंडावर फडकं बांधलेलं. पण शेवटी, बुडत्या जहाजावर हिरोशी लढताना, चाळिसाव्या वाराला तलवार त्याच्या काखेतून जायची, फडकं खाली यायचं आणि तो कॅमेऱ्याकडे वळून मरायचा. दिग्दर्शकाने हातावर हात मारून सांगितलं होतं, "पाच सेकंद. फक्त तुझं तोंड." पाठमोरा त्या रात्री जेवला नाही. आनंदाने लोकांची भूक वाढते, याची गेली.

मग महिनाभर घरात तोच उद्योग. याच्या हातात तुटक्या झाडूचा दांडा, वहिनीच्या हातात गज. हिरोचे सगळे वार तिने मारायचे, त्याने अडवायचे. म्हातारी कोपऱ्यात बसून मोठ्याने आकडे मोजायची. "सतरा! अठरा! अगं सूनबाई, हळू, माझा मुलगा आहे तो!" चाळिसाव्याला वहिनी गज पुढे खुपसायची, तो डाव्या काखेत घट्ट दाबून धरायचा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळून प्राण सोडायचा. शंभरदा तरी तिने आपल्या नवऱ्याला असं मारलं असेल. हिरोचा हात कधी कुठे जाणार हे हिरोपेक्षा तिला जास्त पाठ झालं होतं.

शूटिंगचा दिवस उजाडला. स्टुडिओच्या हौदात जहाज बांधलं होतं. जहाज म्हणजे कॅमेऱ्याच्या बाजूने दिसेल तेवढंच. पलीकडून नुसत्या फळ्या, वासे आणि चढायला शिडी. लढाई संपता संपता आधाराच्या साखळ्या सुटणार आणि जहाज कलंडून पाण्यात जाणार. बांधायला तीन महिने लागले होते, बुडायला एक मिनिट पुरणार होतं, आणि दुसरं जहाज काही नव्हतं.

"काहीही झालं तरी थांबायचं नाही," दिग्दर्शकाने उंच क्रेनवरून कर्ण्यात ओरडून सांगितलं. "कुणी मेलं तरी मरून घ्या, पण कॅमेऱ्याकडे बघून मरा!"

सगळे हसले. वहिनी हसली नाही.

पंखे सुरू झाले. असे पंखे की माणूस तिरका चालावा. वरून नळांचा पाऊस, खालून पाण्याच्या लाटा, आणि जहाजावर तीस चाचे घसा फोडून किंचाळत होते. आवाज नंतर भरायचे होते, त्यामुळे त्या गदारोळाचं कुणाला काही नव्हतं. वहिनी हौदाच्या काठाला, जास्तीच्या झग्यांच्या दांडीजवळ उभी होती. शेजारी स्टुलावर सामानवाले काका बसले होते. तलवारी, पिस्तुलं, खोट्या साखळ्या सगळं त्यांच्या ताब्यात. हिरोला तलवार देऊन ते आता निवांत झाले होते.

लढाई सुरू झाली. वहिनीच्या कानात सासूचा आवाज. एक. दोन. तीन.

काकांनी उरलेली तलवार म्यानातून काढली, पुसायला. मुठीचा गोंडा बघितला आणि ते थबकले.

"ही पण हिरवी?" त्यांनी पात्यावरून अंगठा फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. त्यांचा चेहरा उतरला. "वहिनी, ही बोथट आहे. बोथट ती हिरव्या गोंड्याची. लाल गोंड्याची धारदार, दोर कापायची. परवा शिडाचा दोर कापला ती. लाल कुठे गेली?"

वहिनीला आधी कळलंच नाही. मग कळलं.

लाल गोंडा काल तिनेच काढला होता. मुठीवरून सुटून लोंबत होता म्हणून कुणीतरी तलवार कपडेपटावर आणून टाकली होती. लाल दोरा संपलेला. तिने हिरव्याचा गोंडा वळला आणि बांधून टाकला. त्यात विचार करण्यासारखं काय होतं? पांढरा शर्ट दिव्यांत भगभगतो म्हणून ती पिवळट रंगवायची, राजकन्येचा मोतिया झगा मुळात पोपटी होता, रक्त म्हणजे चॉकलेटचा पाक. सिनेमे सगळे काळे-पांढरे, त्यामुळे दहा वर्षं तिने प्रत्येक रंगाकडे एकाच नजरेने पाहिलं होतं: पडद्यावर हा किती काळा दिसेल? लाल आणि हिरवा, दोन्ही सारखेच राखाडी. गोंड्याला काही अर्थ असतो हे ज्यांच्या हातात तलवारी त्यांना माहीत होतं. सुईवाल्यांना कोण सांगतंय!

"मी बदलला," ती म्हणाली. "काका, मी बदलला तो."

"थांबवा!" काका ओरडले. "अहो थांबवा! तलवार खरी आहे!"

तीस चाचे ओरडत होते, त्यांत एकतिसावा. कुणी मान वळवली नाही. काका क्रेनच्या दिशेने पळाले. साठीचा माणूस, ओल्या फरशीवर, क्रेन हौदाच्या पार पलीकडे. वहिनीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा जहाजाकडे, आणि ओळखलं की हे काही वेळेत पोचत नाहीत.

अठरा. एकोणीस.

एकोणिसाव्याला हिरोचं पातं पाठमोऱ्याच्या बाहीला नुसतं चाटून गेलं आणि बाही खांद्यापासून कोपरापर्यंत उघडली. दुहेरी शिवण होती ती, तिच्या हातची. पाठमोऱ्याने एक क्षण बाहीकडे पाहिलं. आता थांबतील, ती मनात म्हणाली, कळलं त्यांना, आता हात वर करतील. त्याने हात वर केला नाही. विसावा वार अडवला, एकविसावा अडवला आणि तो मागे सरत डोलकाठीकडे गेला, ठरल्याप्रमाणे.

हिरोला काही सांगण्यात अर्थ नव्हता. नळाचं पाणी थेट त्याच्या डोळ्यांत जात होतं. तो बघून मारतच नव्हता, मोजून मारत होता. चाळीस आला की तो खुपसणार, समोर देव असला तरी.

वहिनीने दांडीवरचा एक झगा ओढून अंगावर घेतला, चाच्याची टोपी कपाळापर्यंत दाबली आणि साडीचा ओचा खोचून हौदात उतरली. पाणी छातीपर्यंत होतं आणि थंडगार. हातात गज होता. तो तिने ठेवला नाही की मुद्दाम घेतला असंही नाही, तो कायम हातात असायचाच. सव्वीस. झगा पाण्याने जड झाला. अठ्ठावीस. ती फळ्यांच्या मागे पोचली. शिडीची पहिली पायरी निसटली, गुडघा सोलला. एकतीस. बत्तीस. "देवा, माझ्या हातून नको," ती बडबडत होती, "माझ्या हातून नको रे."

पस्तिसाव्याला ती जहाजावर होती. डोक्यावर पाऊस, समोर ढकलाढकल करणारे चाचे. एकाच्या पायावर तिने गज हाणला, तो बाजूला झाला. कपडेपटाच्या दारात खाल्लेला मार त्याने ओळखला असावा. सदतीस. अडतीस. पाठमोरा डोलकाठीला टेकला होता आणि त्याचा डावा हात फडक्याच्या गाठीकडे निघाला होता. एकोणचाळीस.

चाळिसावा वार कुठे येणार हे तिला बघावं लागलं नाही. शंभरदा तो तिनेच मारला होता. ती दोघांच्या मध्ये घुसली आणि गज दोन्ही हातांनी आडवा धरला, छातीच्या किंचित डावीकडे. पातं आलं ते लाकडात रुतलं. निम्म्या गजापर्यंत रुतलं आणि अडकलं. हिरो गोंधळून ओढत राहिला. आकडे संपले होते, पुढे काय करायचं त्याला माहीत नव्हतं. मग साखळ्या सुटल्या, जहाज कलंडलं आणि सगळेच पाण्यात गेले.

कपडेपटावर ती त्याचा ओला शर्ट उतरवत होती. दंडावर केसाएवढी रेघ होती, तेवढंच रक्त. चॉकलेटपेक्षा बरंच पातळ.

"गोंडा मी बदलला होता," ती म्हणाली.

"काका बोलले."

"तुम्हाला आधी कळलं नाही ना?"

त्याने दंडावरची रेघ अंगठ्याने पुसली. मग म्हणाला, "एकोणीसलाच कळलं."

"काय?"

"धार कळते गं. बाही गेली तेव्हाच कळलं."

"आणि थांबला नाहीत?" तिचा आवाज चढला. "काखेत धरणार होतात ती? दोन्ही बाजूंनी धार असलेली? घरी आईंना काय सांगायचं होतं मी, की तोंड छान आलंय, बाकीचं आणता आलं नाही?"

"पाच सेकंद होते गं," तो म्हणाला.

एवढंच. तिने ओला शर्ट त्याच्या अंगावर फेकला आणि ती रडली, रागानेही आणि लाजेनेही. कारण चूक तिची होती, जीव तिने वाचवला होता, आणि ज्याच्यासाठी तो मरायला तयार होता ते त्याचं तोंड तिच्याच पाठीने झाकलं होतं.

दिग्दर्शकाने आधी आकाशपाताळ एक केलं. मग फिल्म धुऊन आली, त्याने ती चारदा बघितली आणि कुणाला काही न विचारता तशीच सिनेमात ठेवून दिली. जहाज तर बुडलंच होतं.

सिनेमा लागला त्या दिवशी तिघं पुढच्या रांगेत बसले. आईंना काही सांगितलेलं नव्हतं. सांगू सांगू म्हणत दोन महिने दोघांनीही टाळलं होतं. लढाई सुरू झाली तशी म्हातारी पुढे सरकली आणि ओठातल्या ओठात मोजू लागली. वहिनीने पदराचं टोक मुठीत आवळलं. जहाजावरच्या लढाईत तिला एवढी भीती वाटली नव्हती.

"अडतीस," म्हातारी म्हणाली. "एकोणचाळीस."

पडद्यावर एक बुटका चाचा कुठूनतरी धडपडत आला, आणि त्याच्या झग्याने सगळा पडदा भरला. राखाडी झगा, पाठ, पाऊस. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मागून एक हात आला आणि त्या बुटक्या चाच्याच्या खांद्यावर घट्ट बसला. तो हात लढाईत ठरलेला नव्हता. वहिनीला तो खांद्यावर पडल्याचं आठवतही नव्हतं. जहाज कलंडलं.

"संपलं?" म्हातारी म्हणाली. "तोंड कुठाय रे तुझं?"

वहिनीने मान खाली घातली.

"तिच्या मागे आहे, आई," पाठमोरा म्हणाला.

म्हातारीने अंधारात हात लांब केला, चाचपडत त्याचं कपाळ, नाक, हनुवटी सगळं बघून घेतलं.

"आहे खरं," ती म्हणाली, आणि पुढचा सिनेमा बघू लागली.