नळाखालचं ताट

जायकवाडी तळाला गेलेली आणि शहर मात्र रोज चार घरांनी वाढत होतं. त्यामुळं मुकुंदवाडीच्या त्या गल्लीत नळ आठव्या दिवशी यायचा, तोही कधी ते कुणाला ठाऊक नसायचं. म्हणून गोजरबाई तोटी उघडी ठेवून खाली स्टीलचं ताट उपडं घालायची. धार पडली की ताट गल्लीभर बोंबलायचं.

त्या रविवारी ती बहिणीकडं पाचोडला गेली आणि रिकामा ड्रम शेजारच्या तनुजावर सोपवून गेली. तनुजा नववीत. वर्गाच्या ग्रुपवर दर रविवारी ‘डोक्याला खुराक’ म्हणून ती वाचण्या-बघण्यासारखं काहीतरी टाकायची, आणि मॅडमसुद्धा त्याची वाट बघायच्या. त्या दिवशी तिला एक माहितीपट सापडला. घागरभर पाण्यासाठी वाळूतून कोस कोस चालणाऱ्या बायका. मोबाइलला टेकू मिळेना, म्हणून तिनं नळाखालचं ताट उचलून भिंतीला लावलं, कानात इअरफोन घातले आणि ओट्यावर बसून रडत रडत सगळं बघितलं. तो ग्रुपवर टाकून वर लांबलचक लिहिलंही, पाण्याची किंमत वगैरे. अठ्ठावीस हार्ट आले.

मान वर केली तेव्हा ओट्याखालच्या चपला ओल्या होत्या. पाणी येऊन, गटारात वाहून, जाऊनही झालं होतं.

संध्याकाळी गोजरबाईनं विचारलं तर तोंडातून निघून गेलं, आलंच नाही. तिचा नळ शेवटचा, कधीकधी धार पोचायचीच नाही, म्हणून तिला ते पटलंही. पदर खोचून ती वॉल्व्ह सोडणाऱ्या मोतीरामला जाब विचारायला निघाली. तनुजा मागं धावली. कोपऱ्यावर तिनं मावशीला गाठलं.

“मावशी, त्यानं सोडलं होतं. ताट मी काढलं. मोबाइल टेकवायला.”

गोजरबाईनं खोचलेला पदर सोडला. मग म्हणाली, “आठ दिस काय मोबाइल पिऊ?”

आईची बोलणी खात तनुजानं घरच्या ड्रममधून पाच कळश्या वाहिल्या. सहावीला गोजरबाईनं अडवलं. “असं काय व्हतं त्यात? दाव.”

तनुजानं लावलं. गोजरबाई डोळे बारीक करून बघत राहिली.

“ही मधली लई हिंदकळतीय. घागरीत पाला टाकावा, मग सांडत नाय.”

तनुजानं एवढं बघितलं, एवढं लिहिलं, पण सांडणारं पाणी तिला दिसलंच नव्हतं. गोजरबाईनं ताट पुसून पुन्हा नळाखाली उपडं घातलं. तनुजा आपलं लिहिलेलं पुसायला गेली, तोवर हार्ट एकतीस झाले होते.