एका पायाचा नवस

न्हाणीघरात माझा पाय घसरला. हाड मोडलं नाही, पण बालाजीचा निर्णय होऊन गेला. माझा मुलगा पुण्यात इंजिनिअर आहे; सून मनिषाही तिथंच. त्याचे निर्णय लवकर होतात.

"आई, महिनाभर तोलाचा व्यायाम कर. आधार न घेता एका पायावर उभी राहिलीस तर राहा वालूरला. नाहीतर मी न्यायला येतो."

सेलूच्या निकितानं, म्हणजे व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टर पोरीनं, धडा दिला: नजर समोर, एक पाय वर. मला हसू आलं. नवी नवरी असताना डोक्यावर दोन घागरी घेऊन मी बारवेच्या पायऱ्या चढायची, वर सासूच्या हाकेला ओ द्यायची. तेव्हा त्याला पाणी आणणं म्हणत.

घरातली फरशी गुळगुळीत, म्हणून मी सकाळी ओसरीवर उगवतीकडे तोंड करून उभी राहू लागले. शेजारच्या सुलाबाईनं पाहिलं.

"काकू, कशाचा नवस केलाय वं?"

"नवस कसला? व्यायाम आहे."

"नका सांगू. सांगितल्यानं फळ जातंय," म्हणत तिनं माझ्या टेकलेल्या पायावर हळदीकुंकू वाहिलं. पुढे आणखी बाया येऊ लागल्या. कुणी पायाशी वाकलेलं असताना डगमगणं बरं दिसेना. माझा तोल पक्का केला तो या बायांनीच.

महिन्यानं बालाजी गाडी घेऊन आला. मी खांबासारखी उभी राहिले. तो खूश झाला.

"छान! आता बॅग भर. मनिषानं तुझ्या खोलीला पडदेसुद्धा लावलेत."

"अन् तू दिलेला शब्द?"

"तो तू व्यायाम करावास म्हणून गं!"

मी पाय खाली ठेवला. तेवढ्यात सुलाबाई दारातून कडाडली, "नवस अर्धा सोडून काकूला शिवेबाहेर नेतूस व्हय रे? लेकराच्या मुळावर येतंय ते!"

"मावशी, असलं मी मानत नाही," इंजिनिअर म्हणाला. मग जरा थांबून, "कुणाच्या लेकराच्या?"

"नवस करणारीच्या. तुला कुणी भाऊ हाय का?"

बालाजीनं माझ्याकडे पाहिलं. खरं सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. जेवून तो एकटाच परत गेला, गाडी फार सावकाश चालवत.

आता रोज सकाळी त्याचा फोन येतो. "आई, उभी राहिलीस ना?" व्यायामाचं विचारतो की नवसाचं, मी विचारत नाही. काल म्हटलं, आज गुडघा दुखतोय, राहू दे.

"गोळी घे," तो घाईनं म्हणाला, "पण खाडा करू नको."