उष्टी बाटली

माझा धाकटा भाऊ सायकल शर्यतीतला पाणक्या. म्हणजे टीमच्या गाडीतून बाटल्या घ्यायच्या, जर्सीत कोंबायच्या आणि पुढे कॅप्टनला नेऊन द्यायच्या. जिंकायचं कॅप्टनने, याने नुसतं दमायचं. कॅप्टनने अर्धी पिऊन परत दिलेली बाटली फेकायची नाही, घाट चढताना आपणच संपवायची, ही यांची रीत. उष्टं खाल्लं की प्रेम वाढतं म्हणे. आमचं बघा किती वाढलं.

एका शर्यतीनंतर दोघांच्या लघवीत एकच बंदीचं औषध सापडलं. कॅप्टनच्या वकिलाने सिद्ध केलं, की त्याच्या पाण्यात मिसळायला खास मागवलेल्या पावडरीतच कारखान्यात भेसळ झाली होती. तो सुटला. भाऊ म्हणाला, मी त्याचीच बाटली प्यायलो होतो. सगळे हसले. त्याच्यावर बंदी बसली आणि तो माझ्या लाँड्रीत लोकांच्या शर्टांना इस्त्री करू लागला. गिऱ्हाइकं पाठ वळली की कुजबुजायची, चोर तो चोर, वर शिरजोर. आता एकच अपील उरलं होतं. त्यात सुटला नाही, तर या वयात पुन्हा सायकल कसली.

शेवटी मीच कॅप्टनकडे गेले. दारातच सुनावलं, "तुम्ही एक शब्द बोलला असतात तर तुमचं काय जाणार होतं?"

त्याने मान खाली घातली. "वकिलाने गप्प राहायला सांगितलं होतं, ताई. चुकलंच माझं."

मी भांडायच्या तयारीने गेले होते. तो भांडला असता तर बरं वाटलं असतं.

आणि तो खरंच बोलला. अपिलाच्या समितीपुढे बोलला, टीव्हीवरही बोलला. बाटली माझी होती, पोराचा काही दोष नाही. झालं, सगळ्यांचे डोळे पाणावले. केवढं मोठं मन, पाणक्यासाठी स्वतःवर ओढवून घेतोय. समितीनेही त्याच्या दिलदारपणाचं कौतुक केलं, आणि पुरावा म्हणून ते धरता येत नाही असं सांगून बंदी कायम ठेवली. मला रडूही आलं नाही, इतका कंटाळा आला होता.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू चादरी घेऊन आल्या. भावाला म्हणाल्या, "असा कॅप्टन मिळायला नशीब लागतं रे. जाऊन पाय धर त्याचे."

मी तोंड उघडणार, तोच भावाने माझा हात दाबला.

"हो काकू," तो म्हणाला, "धरतो." आणि त्यांची चादर टेबलावर पसरली.