एक जुलै, पाचच्या आत

लीव्हिंग सर्टची, म्हणजे इकडच्या बारावीची, परीक्षा संपली आणि ओंगारच्या आमच्या घरात एकच प्रश्न उरला: कॉलेजच्या फॉर्मवर पहिल्या नंबरला काय? बदलायची मुदत एक जुलै, संध्याकाळी पाचपर्यंत. बाबांनी आधीच तिथे मेडिसिन टाकलं होतं. "वर टाकून ठेवू, मिळालं तर बघू." पण इथे 'बघू' नसतं! वरचं मिळालं की खालचं सगळं आपोआप बाद. आणि खाली माझं जिऑलॉजी होतं.

रविवारी आईने स्वरांगीताईला जेवायला बोलावलं. ताई आईच्या मैत्रिणीची मुलगी, शाळेतून थेट मेडिसिनला गेलेली, आता चौथ्या वर्षाला. आईचा बेत उघड होता.

"सांग गं निहारिकाला," आई वांगी वाढत म्हणाली. "सलग सहा वर्षं, की झाली डॉक्टर. मधे पुन्हा प्रवेशाची कटकट नाही."

"कटकट नाही, मावशी. म्हणून मधे कोणी विचारतही नाही, तुला हे हवंय का. मी सतराव्या वर्षी हो म्हटलं, कारण मार्क येणार होते. तिसऱ्या वर्षी सोडावंसं वाटलं, तर हातात काय घेऊन बाहेर पडणार?"

"सोडणार होतीस?" आईने विचारलं.

"माझ्या आईला सांगू नका हं. आता आवडतंय. पण एनिस गावातल्या हॉस्पिटलात ट्रेनिंगला माझ्याबरोबर आधी दुसरी डिग्री करून आलेले दोघं होते. पेशंटशी काय निवांत बोलायचे! मी आपली वहीत डोकं खुपसून."

मी घरी इंग्लिशमध्येच उत्तरं देते. मराठीत सुरू झाले की सगळे सावध होतात.

"बाबा, मला आधी जिऑलॉजी करायचंय. चार वर्षं. मग डॉक्टर व्हावंसं वाटलं, तर डिग्रीनंतरचं मेडिसिन आहेच. अजून चार."

"सहाच्या जागी आठ! आणि तेव्हा प्रवेश नाही मिळाला तर?"

"तर मी जिऑलॉजिस्ट. वाईट आहे का?"

ताई हसली. बाबा नाही हसले. "नक्की?"

"आत्तापुरतं नक्की."

जेवण झाल्यावर बाबांनी लॅपटॉप उघडला आणि जिऑलॉजी वर नेलं. मागून आई म्हणाली, "दुसऱ्या नंबरला तरी मेडिसिन राहू दे."

जिऑलॉजीला मार्क कितीतरी कमी लागतात. तेच हुकलं, तर मेडिसिन कुठून मिळणार? बाबांना ठाऊक होतं, मलाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"राहू दे की," मी म्हणाले.

बाबांनी सेव्ह दाबलं. आईने लगेच नागपूरला आजोबांना फोन लावला. "हो हो, फॉर्मवर मेडिसिन आहे ना!"