बिनरेघेची अक्षरं

वणीतल्या त्या टॉकीजला धड भिंतसुद्धा नव्हती. जुन्या जिनिंगची पत्र्याची शेड, पुढे जमिनीवर बसायची जागा, मागे बाकं आणि एका बाजूला बायकांसाठी कनात. हंगामात कापसाच्या गाड्या शेजारीच सुटायच्या, त्यामुळे बैलांच्या घंटा सिनेमातल्या गाण्यात मिसळायच्या. पुढे गावात पक्कं थिएटर झालं, खुर्च्या आल्या, पंखे आले. पण उत्तमसिंगला आठवायची ती शेडच. भुईमुगाची टरफलं, तापलेल्या मशीनचा वास, आणि खेळ सुरू व्हायच्या आधी माणसं एकदम गप्प व्हायची ती घटका.

टॉकीज चालवायचा नंदकिशोर. बाप वकील, आजोबा कचेरीत शिरस्तेदार; या पोरानं मात्र काळा कोट खुंटीला टांगला आणि सिनेमाचं मशीन घेतलं. त्याचे बोर्ड रंगवायचा उत्तमसिंग. तो केळापूरकडच्या तांड्यातला. त्याच्या पणज्यानं बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथा घातला होता. हा राजूरच्या खाणीवरच्या ट्रकांच्या पाठी रंगवता रंगवता वणीचाच होऊन गेला. दोघं एका वयाचे, आणि दोघांनाही सिनेमाचं सारखंच वेड.

एकसष्ट सालच्या कापसाच्या हंगामात 'मागचे दार' नावाचा रहस्यपट आला. पेटी उघडून पाहतात तर पहिल्या रिळाचं तोंडच तुटलेलं. नाव नाही, नटनट्या नाहीत, चित्र थेट एका बाईच्या अंधाऱ्या घरापासून सुरू.

"लोकं म्हणतील, अर्धाच सिनेमा दाखवला," नंदकिशोर म्हणाला. "उत्तम, आपण काच करू. आधी नाव दिसलं पाह्यजे, अन् नाव पाहूनच माणूस सावरून बसला पाह्यजे."

काच म्हणजे काही फार मोठा उद्योग नव्हता. तळहाताएवढ्या काचेवर चिमणीची काजळी धरायची, सुईनं अक्षरं कोरायची आणि काच मशीनच्या उजेडापुढे धरायची. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उभी राहत. अडचण होती ती अक्षरं कशी असावीत याची.

उत्तमसिंगनं आधी रक्ताचे थेंब गळणारी अक्षरं काढली. चहा घेऊन आलेल्या कुंदावहिनींनी, म्हणजे नंदकिशोरच्या बायकोनं, काच उजेडाकडे धरून पाहिली.

"हे रक्त आहे होय? मला वाटलं, जिलबीचा पाक गळतोय."

मग त्यानं खंजिरासारखी टोकदार अक्षरं कोरली. नंदकिशोरनं मान हलवली. "हे पाहून वाटते, आता घोडे येतील अन् लढाई होईन." नंदकिशोरनं स्वतः सुचवलेली जाडजूड अक्षरं तर बिडीच्या जाहिरातीची वाटली, हे त्यालाच कबूल करावं लागलं. तिघं खूप हसली.

"नावातच दम नाई, नंदूभाऊ," उत्तमसिंग वैतागला. "मागचं दार काय, सगळ्याइच्याच घरी असते. त्याले भ्यायचं कायले?"

"तिथंच तं खुबी हाय. घरातल्याच वस्तूचं भ्या वाटलं पाह्यजे." नंदकिशोर जरा थांबला. "तुले कधी अक्षराचंच भ्या वाटलं का रे?"

उत्तमसिंगची सुई थांबली.

तो सात वर्षांचा असेल. तांड्यात पटकीची साथ आली होती. त्याची थोरली बहीण मोती सकाळी आजारी पडली आणि दिवस मावळायच्या आत गेली. दुसऱ्या दिवशी सरकारी साहेब आला, त्यानं आईला काहीतरी विचारलं आणि काळ्या दारावर चुन्यानं काहीतरी लिहिलं. तोवर उत्तमनं उभ्या जन्मात अक्षर पाहिलं नव्हतं. डोक्यावर रेघ नसलेली, एका अंगाला कललेली, शांत पांढरी अक्षरं. त्या दारातून आत जायला त्याला कित्येक दिवस धीर झाला नाही. पुढे शाळेत वाचायला शिकल्यावर, ध्यानात राहिलेले ते आकार त्यानं एकदा मनातल्या मनात वाचले. लिहिलं होतं, पटकी.

त्यानं हातातली काच बाजूला ठेवली. नवी काच काजळून त्यानं 'मागचे दार' कोरलं. वरची रेघ ओढलीच नाही. अक्षरं कलती, घाईची.

नंदकिशोरनं काच उजेडापुढे धरली. कुंदावहिनी म्हणाल्या, "पाहवत नाही हो. हीच ठेवा."

पहिला खेळ बाजाराच्या दिवशी दुपारी, अंधारासाठी शेडभोवती जाड ताडपत्र्या सोडून लागला. उत्तमसिंगची आई, भुरीबाई, चार दिवसांसाठी त्याच्याकडे आली होती. तिनं सिनेमा कधी पाहिला नव्हता. त्यानं तिला कनातीत पुढे बसवलं आणि आपण मागे उभा राहिला. दिवे गेले. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली आणि शेडमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. अंगावर काटा आला तो त्याच्या स्वतःच्याच. आपलं काम साधलं, असं त्याला वाटतंय तोच कनातीत बांगड्या खळखळल्या. भुरीबाई उठून बाहेर चालली होती.

तो धावत बाहेर आला. ती निंबाखाली, कापसाच्या गाडीला टेकून बसली होती.

"याडी, काय झालं? भेली का?"

"उत्तम," ती म्हणाली, "आपल्या मोतीचं नाव तिथं कोणं लिवलं?"

तो तिच्याजवळ खाली बसला.

"त्या साहेबानं मले पोरीचं नाव पुसलं होतं. म्या सांगतलं, मोती. मंग त्यानं दारावर लिवलं. मले वाटलं, एवढा मोठा साहेब, पण आपल्या पोरीचं नाव लिवून गेला. होळीले तुया बापानं दार पुसून काढलं, तवा म्या लय भांडली त्याच्याशी." तिनं पदरानं डोळे पुसले. "तसंच हाय ते. डोक्यावर रेघ नसलेलं."

खरं सांगायला तोंड उघडलं होतं त्यानं. पण आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि शब्द मागे फिरले.

"म्याच लिवलं, याडी."

"तुले ध्यानात होतं?"

"होतं."

मग ती बोलायला लागली. वीस वर्षांत बोलली नव्हती तेवढं. मोती गूळ चोरायची आणि उत्तमच्या तोंडाला लावून ठेवायची, म्हणजे मार त्याला बसावा. त्याला कडेवर घेऊन नाल्यावर जायची. मोहाची फुलं वेचताना गायची, आवाज मात्र बेसूर. उत्तमसिंगला बहीण म्हटलं की एक दार तेवढं आठवायचं; त्या दुपारी निंबाखाली त्याला पहिल्यांदा एक हसरी, खोडकर पोरगी दिसली. शेडमधून किंकाळी आली आणि मागोमाग शेकडो माणसांनी दचकून श्वास ओढल्याचा आवाज.

"कोण वरडून राह्यलं?" भुरीबाई दचकली.

"सिनेमातली बाई."

"काहून?"

"मागच्या दारातून कोणीतरी आलं."

"मंग कडी नाई का लावाव तिनं," भुरीबाई म्हणाली, आणि दोघंही हसली.

सिनेमा दोन आठवडे चालला. नंदकिशोर पुढे कुणालाही सांगायचा, तसं नाव मुंबईवाल्यांनासुद्धा काढता आलं नसतं. पण उत्तमसिंगनं तशी अक्षरं परत कधी काढली नाहीत.

त्या दुपारी उठायच्या आधी भुरीबाईनं पायाजवळची धूळ तळव्यानं सारखी केली. "मले दाखव बरं, कसं लिवते तिचं नाव."

त्यानं बोटानं लिहिलं, मोती. वर रेघ ओढली, काना, मात्रा, वेलांटी, सगळं नीट. ती वाकून कितीतरी वेळ पाहत राहिली.

"दारावर असं नव्हतं," ती म्हणाली.

"साहेब घाईत असन, याडी."

"हो," भुरीबाई म्हणाली. "लय घरं होती त्या दिवशी."