चावडीवरची नोटीस आणि तुरीची डाळ

मित्रांनो, मी एक जुनी नोटीस आहे. डावा कोपरा फाटका, पाठीवर वाळलेली खळ. वर्धेच्या कोर्टातल्या एका गठ्ठ्यात मी १९५४ सालापासून पडून आहे.

एका अर्जापायी माझा जन्म झाला. सेलूजवळच्या खेड्यातली पंचफुला आपल्या मेलेल्या बहिणीची लेक, नलू, सांभाळत होती. पुढे नलूचे वडीलही गेले. कोर्टाने आपल्याला पोरीची पालक नेमावं, असा पंचफुलाने अर्ज केला. मग कोर्टाच्या बाबूंनी मला सुबक अक्षरात लिहिलं, ‘कोणाची हरकत असल्यास तारखेस हजर व्हावे’, आणि शिक्का मारला. केवढी ऐट होती माझी!

बेलीफाने मला सायकलवरून नेलं आणि चावडीच्या भिंतीवर ज्वारीच्या खळीने चिकटवलं. पंधरा दिवस मी तिथेच राहायचं होतं. पण मधेच पोळा येत होता. नलूचा काका रूपराव हिंगणघाटच्या गिरणीत कामाला होता आणि पोळ्याला तो गावी येतच असे.

दुसऱ्याच दुपारी पंचफुलाच्या शेजारच्या तानाबाईने मला उपटलं. कोपरा तेव्हाच फाटला. तिने मला तुरीच्या डाळीच्या डब्यात कोंबलं आणि मोठ्या कौतुकाने पंचफुलाला सांगितलं.

पंचफुलाचा चेहरा उतरला. “काऊन काढली वो? सगळ्याईले दिसली पाह्यजे, नाई तं अर्ज बाद होते.”

“अन् रूपरावनं वाचली अन् पोरगी मांगतली तं?”

पंचफुलाने मला डब्यातून बाहेर काढलं. मग म्हणाली, “वाचू दे.”

तिने स्वतः खळ शिजवून मला परत लावलं.

पोळ्याला रूपराव आला. बोट ठेवून त्याने मला दोनदा वाचलं आणि कोणाशी काही न बोलता निघून गेला. त्या दिवसापासून पंचफुला नलूला नजरेआड होऊ देईना.

मुदत संपल्यावर बेलीफाने मला उतरवून कोर्टात दिलं. तारखेला जज्जसाहेबांनी मला उलटं केलं. खळीत डाळीचा एक दाणा चिकटला होता.

“हे काय?”

पंचफुलाने नलूचा हात घट्ट धरला. “एक दुपार डब्यात होती, साहेब. मीच परत लावली.”

“मग ज्यांनी पाहायला हवी होती, त्यांनी पाहिली, हे कशावरून?”

चपराशाने पुकारा केला, “कोणी हरकतदार?” एकदा. दोनदा. तिसऱ्या पुकाऱ्याला दारातून आवाज आला, “मी पाह्यली, साहेब. पोरीचा काका.”

पंचफुलाने डोळे मिटले.

“हरकत आहे?”

रूपराव टोपी हातात फिरवत राहिला. “नाई. माही पाळी रातची, घरात बाईमाणूस नाई. पोरगी मावशीपाशीच बरी. फक्त पोळ्याले दिसली पाह्यजे.”

“भाऊजी, जेवालेच येत जा!” पंचफुला भर कोर्टात म्हणाली. बाबूंनी “शांत राहा” म्हटलं, पण स्वतःच हसले. साहेबांनी लिहिलं, ‘हरकत नाही. अर्ज मंजूर.’

म्हणून सांगते, मित्रांनो, भिंतीवर माझी एखादी बहीण दिसली तर फाडू नका. ज्याची भीती वाटते त्याच्याच नजरेला ती पडू द्या. आणि कधी माझा गठ्ठा सोडलात, तर पाठीवरचा तो डाळीचा दाणा तेवढा खरडू नका.